उस्तादची पिवळी रेघ

"शेवटचा हात कोणाचा?"

गाडी कोणतीही असो, मालक कोणीही असो, किशन उस्ताद आधी हेच विचारायचे. नमस्कार नंतर, आवाज कुठून येतो ते नंतर. या गाडीला माझ्याआधी शेवटचा पाना कोणी लावला, ते आधी सांगा. या प्रश्नाचं मी त्यांना दोनदा खोटं उत्तर दिलं. पहिलं खोटं त्यांनी जागेवर पकडलं आणि आम्ही दोघंही हसलो. दुसरं त्यांना पकडता आलं नाही, आणि त्यापायी एका पक्क्या कारागिराचा स्वतःच्या हातावरचा भरवसा गेला. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मी मुळात कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्याला लोक खरं बोलणारा समजतात, याचा मी आयुष्यात बराच फायदा घेतला आहे.

नांदेडहून लातूरकडे निघालं की शहर संपता संपता एक पेट्रोल पंप लागतो. त्या पंपाच्या मागच्या भिंतीला लागून उस्तादांचं पत्र्याचं शेड होतं. त्याला पाटी नव्हती. पंपाचे मालक बालाजीराव स्वतःहून पाटी करून द्यायला तयार होते, पण उस्ताद म्हणायचे, "पाटी लावली की कोणीबी येतंय. मला कोणीबी नको." ते फक्त गाडीच्या पुढच्या चाकांचं काम करायचे: स्प्रिंगा, शॉकअप, बुश, स्टेअरिंगचे सांधे. इंजिनाला हात लावत नसत. हाताखाली कोणी ठेवलं नव्हतं. मदत लागली तर गाडीच्या मालकालाच कामाला लावायचे. "स्टेअरिंग डावीकडं फिरवा. आता उजवीकडं. हळू, सायेब, लगीन हाय का कुठं?"

साठीच्या अलीकडचा काटक माणूस. चष्म्याच्या दांड्यांना मागे सुतळी बांधलेली. विडी-सिगारेट ओढत नव्हते, तरी खिशात कायम काड्यापेटी. ती कशासाठी, ते पुढे येईलच. अवजारांच्या पेटीला दोन कुलुपं, आणि दोन्हींच्या किल्ल्या वेगवेगळ्या खिशात. गिऱ्हाइकाने पाजलेला चहा काम संपेपर्यंत घ्यायचे नाहीत. बालाजीराव चिडवायचे, "काय उस्ताद, चहात काय घालून देत असतील का लोक?" उस्ताद थंडपणे म्हणायचे, "चहा पाजला की मानूस घाई कराय लागतंय. माझा त्याच्यावर शक हाय."

शक त्यांचा सगळ्यांवरच होता. गिऱ्हाईक खोटं बोलतं, हे ते धरूनच चालायचे. खड्ड्यात आपटलेली गाडी 'उभीच होती' म्हणून येते. चार गॅरेजं फिरून आलेली 'कुठंच उघडली नाही' म्हणून येते. "गाडी झूट बोलत न्हाई," ते म्हणायचे, "पर कुठून बोलून राह्यली ते लपवती. उजवीकडं दुखतंय अन् डावीकडं वरडती. म्हनून गाडी अन् मालक, दोघावर बी नजर ठिवाय लागती."

माझी त्यांची ओळख ज्या गाडीने करून दिली, ती मी लो करून घेतली होती. चाळिशीला टेकलेल्या, कीटकनाशकांच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या माणसाला ही हौस शोभत नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. घर नांदेडला, ऑफिस लातूरला, आणि दौरे भोकर, देगलूर, शिरूर अनंतपाळ असे सगळीकडे. दुकानदार माझ्याकडे न बघता माझ्या बॅगेकडे बघायचे. निदान गाडीकडे तरी दोन वेळा बघावं, एवढंच मनात होतं. लातूरला एकाकडून स्प्रिंगांची दीड-दीड वेटोळी कापून घेतली. गाडी जमिनीला बसल्यासारखी दिसू लागली. देखणी दिसायची, हे खरं. महिन्याभरात स्टेअरिंग वळवलं की पुढून 'टण्ण' असा आवाज येऊ लागला, ब्रेकला हादरा बसू लागला आणि पुढचे टायर आतल्या कडेने गुळगुळीत झाले.

उस्तादांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग खाली बसून टायरवर तळहात फिरवला. आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर.

"तुम्ही बी फिरवा."

मी फिरवला. एकीकडून हात सरळ गेला, दुसरीकडून करवतीवरून गेल्यासारखा अडकला.

"चाकं फाकलीत. अन् वरून आत कलली बी हैत. शेवटचा हात कोणाचा?"

"कोणाचा नाही. मी घेतली तेव्हाच अशी होती."

त्यांनी डिक्की उघडायला सांगितली. त्यांची एक रीत होती. तपासायच्या आधी गाडी पूर्ण रिकामी करायची, डिक्कीपासून सीटखालच्या पायपोसापर्यंत. आपल्या गाडीत काय काय निघतं हे चारचौघांत बघताना माणसाला लाज वाटायची, म्हणून काही गिऱ्हाइकं तिथूनच परत जायची. माझ्या डिक्कीतून औषधांची माहितीपत्रकं निघाली, छत्री निघाली, आणि एक गोणपाट निघालं. उस्तादांनी ते उलगडलं. स्प्रिंगांचे कापलेले दोन तुकडे होते. कापल्या तोंडाशी लोखंड अजून पांढरं चकचकीत. लातूरवाल्याने 'तुमचा माल तुम्हाला' म्हणून दिले होते आणि मी विसरून गेलो होतो.

उस्तादांनी दोन्ही तुकडे बॉनेटवर नीट शेजारी शेजारी मांडले.

"हे बी गाडीसंगंच आलते का, सायेब?"

पंपावरची माणसंसुद्धा हसली. मीही हसलो. दुसरं काय करणार?

त्यांनी मला स्टेअरिंगवर बसवलं, स्वतः चाकाच्या पोकळीत हात घालून स्प्रिंग मुठीत धरली आणि म्हणाले, वळवा. टण्ण झालं, तसा त्यांनी हात बाहेर काढला. "उडी मारती. कापल्यामुळं तिचं बूड वाटीत बसत न्हाई. पीळ खाती, अन् पीळ लई झाला की सुटती. हा झाला एक आवाज. ब्रेकचा हादरा येगळा, तो बुशचा. एका आवाजात दोन चोर हैत, म्हनून कोणाला घावले न्हाईत."

जुन्या मापाच्या स्प्रिंगा परत टाका, असं त्यांनी तीनदा सांगितलं. मी तीनदा नाही म्हटलं. शेवटी कापलेल्या बुडाला रबर घालून त्यांनी स्प्रिंगा जमेल तशा बसवल्या आणि चाक ज्या लोखंडी आर्मवर झुलतं, त्याचे चारही बुश बदलले. लोखंडी नळीत बसवलेले हे जाड रबर, हादरा पोटात घेणारे. ते आवळताना उस्तादांनी गाडी जॅकवरून उतरवली, लाकडी फळ्यांच्या थप्प्यांवर चारी चाकं टेकवली आणि मला आत बसायला सांगितलं.

"मी कशाला?"

"वजन पाहिजे. गाडी पायावर उभी असल्याबिगर बुशचा नट आवळायचा न्हाई." ते फळ्यांमधून सरपटत खाली गेले आणि तिथूनच बोलत राहिले. "पोट आत घेऊन उभं राह्यलेल्या माणसाचा पट्टा आवळा, अन् मंग त्याला पंगतीत बसवा. काय हुईल? तसं बुशचं हुतंय. चाकं लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी खाली आल्यावर रबर पिळून बसतं. तुमची गाडी तर आधीच बसलेली. हिला टांगून आवळलं तर म्हैन्यात फाटंल. आडवं फाटंल. तसं फाटलेलं बुश दिसलं की समजायचं, कोन्या गाढवानं टांगून आवळलंय."

काम संपल्यावर काड्यापेटीचा उपयोग दिसला. पिवळ्या ऑइलपेंटच्या डबीत त्यांनी काडी बुडवली आणि प्रत्येक नटावरून खालच्या लोखंडावर एक सरळ रेघ ओढली. नट कोणी नुसता सैल करून परत आवळला तरी रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोर येत नाहीत. "ही रेघ जवर सरळ हाय, तवर जबाबदारी माझी. रेघ मोडलेली दिसली की गाडीला माझा सलाम. परत हात लावनार न्हाई." जुने बुश वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या डिक्कीत ठेवले आणि ते चारच आहेत ना, हे माझ्याकडून मोजून घेतलं.

देगलूरच्या एका व्यापाऱ्याचा किस्सा तेव्हा मी डोळ्यांनी पाहिला. त्याच्या मुलाने गाडी लो केली होती, आणि ब्रेक दाबला की खाली 'टक्' व्हायचं. तीन गॅरेजांनी तीन वस्तू बदलल्या होत्या. उस्तादांनी गाडी रिकामी करायला घेतली, तर ड्रायव्हरच्या सीटखाली अगदी आत एक नारळ निघाला. पूजेचा, गाडी घेतली तेव्हाचा. कडक स्प्रिंगांमुळे तो जास्तच घरंगळत होता. "अय्यो, हा इथं कसा!" म्हणून व्यापारी कपाळाला हात लावून हसायला लागला. उस्ताद हसले नाहीत. नारळ हातात घेऊन त्यांनी तो सगळ्या बाजूंनी बघितला.

"खरं सांगा शेट. मला तपासाय ठिवला होता न्हाई?"

"देवाशपथ न्हाई, उस्ताद!"

"मंग तीन गॅरेजात कोणाला कसा दिसला न्हाई?"

व्यापाऱ्याने शपथा घेतल्या. उस्तादांनी काही पैसे घेतले नाहीत, पण तो माणूस गेल्यावर मला म्हणाले, "बालाजीरावांनीच ठिवाय लावला आसंल." आणि दोन दिवस बालाजीरावांशी बोलले नाहीत.

तेव्हा मला या स्वभावाची गंमत वाटायची. पुढे त्याच स्वभावावर मी शक घेतला.

झालं असं. महिना-सव्वा महिना गाडी चांगली चालली. मग गतिरोधकावरून उतरताना उजवीकडे बारीक ठण्ण असा आवाज येऊ लागला. उस्तादांनी खाली न जाताच सांगितलं, "हा कापलेल्या स्प्रिंगचा. वाटी सोडून परत बसती. तुम्ही नव्या टाकस्तोवर जानार न्हाई." मी तसाच लातूरला गेलो. ऑफिसातल्या एका मित्राने तो आवाज ऐकला आणि म्हणाला, "हे लोक थोडं मुद्दाम ठेवतात बरं का. जुने बुश धुऊन परत बसवतात, अन् दुसऱ्या कोणाचे जुने काढून तुझ्या डिक्कीत टाकतात. तू काय ओळखणार आहेस?"

हे एकदा डोक्यात शिरलं आणि मग सगळंच उलटं दिसू लागलं. जुने बुश एवढं नाटक करून मोजून द्यायची काय गरज? खरेपणाची एवढी जाहिरात कशाला? हाताखाली माणूस का नाही, साक्षीदार नको म्हणून? दोन कुलुपं कसली? काम करताना मला आत का बसवलं? वजनासाठी की खाली काय चाललंय ते दिसू नये म्हणून? आणि ती रेघ. दुसऱ्या कोणी उघडून बघू नये म्हणून तर ती नसेल? परत हात लावणार नाही, ही धमकीच की! एरवी ज्या गोष्टींसाठी मी त्यांना मानत होतो, त्याच एकेक करून पुरावे झाल्या. दुसऱ्या दिवशी परत लातूरला जाताना अहमदपूर ते चाकूर एवढ्या अंतरात मी त्यांना मनातल्या मनात चोर ठरवून टाकलं होतं.

लातूरला औसा रोडच्या बाजूला एक मोठं गॅरेज होतं. चकचकीत फरशी, गाडी अख्खी वर उचलणारी लिफ्ट. मी म्हणालो, बुश नवे आहेत का तेवढं बघून द्या. माणसाने गाडी वर घेतली. चारी चाकं हवेत लोंबकळली. त्याने हवेच्या गनने नट काढले, बुश बाहेर घेऊन बॅटरीच्या उजेडात धरले.

"नवेच हैत की, सर. चांगल्या मालाचे हैत. बसवणाऱ्यानं बी मन लावून बसवलेत."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटली ती लाज, आणि लाज वाटली की मी गप्प होतो. त्याने बुश परत घातले आणि गाडी तशीच वर असताना गन लावली. घर्र, घर्र. चार नट, दोन मिनिटं. चाकं लोंबकळत होती. पोट आत घेतलेल्या माणसाचा पट्टा मला आठवला. 'थांबा, आधी खाली घ्या' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मग तो विचारणार, तुम्हाला कोणी सांगितलं? मग त्याच्याकडे न जाता इथे का आलात? मी बिल देऊन गाडी बाहेर काढली.

तीन आठवड्यांत बुश गेले. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची आणि पायाखाली धप्प व्हायचं. आता दोन आवाज एकात मिसळले होते आणि ते वेगळे करू शकेल असा माणूस मला एकच ठाऊक होता. त्याच्याकडे गेलो असतो, तर मोडकी रेघ बघून त्याने किल्ली माझ्या हातात परत दिली असती. शिवाय मी त्याच्यावर शक घेतला, हे त्याला कळलं असतं. खरं सांगायचं तर मला भीती होती ती या दुसऱ्या गोष्टीची.

रविवारी दुपारी घरासमोर गाडी उभी केली. हार्डवेअरच्या दुकानातून पिवळ्या ऑइलपेंटची सगळ्यात लहान डबी आणली होती. चाक वळवलं, जॅक लावला, पोकळीत डोकं घातलं. नटांवरच्या रेघा मोडल्या होत्या, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. फडक्याला पेट्रोल लावून त्या पुसल्या. काडी बुडवून नव्या ओढल्या. पहिली फार नीट आली. उस्ताद रेघ स्वतःकडे ओढायचे, त्यामुळे तिला खाली एक बारीक शेपटी यायची. ती पुसून मी शेपटीसकट परत ओढली. चारही तशाच. रंग ओला असतानाच त्यावर चिमटीने धूळ सोडली.

"काय करताय हो एवढ्या उन्हात?" बायको दारातून म्हणाली.

"चिखल काढतोय."

मंगळवारी उस्तादांकडे गेलो. फेरी झाली, टायरवर हात फिरवून झाला.

"शेवटचा हात कोणाचा?"

"तुमचाच, उस्ताद."

त्यांनी माझ्याकडे नेहमीसारखं डोळे बारीक करून बघितलं. मी नजर हलवली नाही. गाडी रिकामी केली. या वेळी डिक्कीत काहीच नव्हतं, मी आधीच बघून ठेवलं होतं. मग ते खाली गेले. लोखंडी दांड्याने आर्म हलवल्याचा आवाज आला. मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

बाहेर आले तेव्हा चष्मा सुतळीवर लोंबत होता. तोंड न पुसता ते माझ्यासमोर उभे राहिले.

"सायेब, त्या दिवशी म्या गाडी पायावर घेतली होती न्हाई?"

तेव्हाच मला कळलं की मी काय करून बसलो आहे. बुश आडवे फाटले होते. टांगून आवळल्याशिवाय तसे फाटत नाहीत, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. आणि रेघ सरळ होती, म्हणजे त्यांच्यानंतर कोणाचा हात लागला नव्हता. दोन्ही मिळून अर्थ एकच निघत होता. जी चूक करणाऱ्याला ते जन्मभर गाढव म्हणत आले, ती त्यांनीच केली होती. सगळ्या जगावर शक घेणाऱ्या माणसाला, आपली रेघ कोणी काढू शकेल, हा शक आलाच नाही. तो येणार कसा? असं कोण करतं?

त्या दिवशी गाडीत मीच बसलो होतो. फळ्या, सीट, खालून येणारं त्यांचं बोलणं, सगळं मला लख्ख आठवत होतं.

"आठवत नाही हो, उस्ताद," मी म्हणालो.

त्यांनी नवे बुश घातले. गाडी फळ्यांवर घेतली, उतरवली, परत घेतली. नट आवळले, बाहेर आले, हात धुतले, आणि परत खाली जाऊन आवळले. या वेळी त्यांनी रेघ मारली नाही. डबी उघडली, काडी हातात घेतली, आणि झाकण परत लावून टाकलं. मजुरी घेतली नाही. मी द्यायचा आग्रह केला तर म्हणाले, "माझ्या चुकीचं पैसं तुमच्याकून कामून घेऊ?"

त्यानंतर ते जुन्या गिऱ्हाइकांना फोन करू लागले. गाडी घेऊन या, एकदा बघायचंय, फुकट बघतो. लोक यायचे. उस्ताद सगळ्या गाड्या उघडायचे. सगळ्या बरोबर निघायच्या, एकातही खोट नाही. पण आपला हात कधी चुकतो हे ज्याला कळेनासं झालं, त्याला बरोबर निघालेल्या गाडीचा काय उपयोग? आणि लोकांची गंमत वेगळीच. फुकट बोलावतोय म्हणजे काहीतरी लपवतोय, असं त्यांना वाटू लागलं. 'उस्तादचा हात गेला' हे दोन महिन्यांत नांदेडभर, तरोडा नाक्यापासून सिडकोपर्यंत झालं. गाड्या येईनाशा झाल्या.

बालाजीराव एकदा डिझेल भरताना माझ्या खिडकीशी आले. "तुमच्याच गाडीपासून सुरू झालं म्हणतेत. नेमकं झालं काय हो? तीस वर्षं बघून राहिलो मी त्याला. असं टांगून आवळणारा मानूस न्हाई तो."

हा माणूस खरा निघाला, ज्याच्यावर नारळाचा आळ आला होता तो. त्याने विचारलेला प्रश्न म्हणजे सगळं परत जाग्यावर बसवायची शेवटची संधी होती.

"वय झालं असेल," मी म्हणालो.

पुढच्या दिवाळीच्या आधी उस्तादांनी शेड सोडलं. पेटी घेऊन भोकर तालुक्यातल्या आपल्या गावी गेले, असं कळलं. मी गाडीला जुन्या मापाच्या स्प्रिंगा टाकल्या, दोन वर्षं वापरली आणि मग ती भंगारात दिली. आवाज पूर्ण गेला होता.

मध्ये सहा वर्षं गेली. पत्नी आजारी पडली, बरी झाली. माझी दोनदा बदली झाली. गाडीच्या खालून कुठलाही आवाज आला की मला त्या चपला दिसायच्या. या उन्हाळ्याच्या शेवटी भोकरच्या दौऱ्यावर होतो. दुकानदाराला सहज विचारलं, तर तो म्हणाला, किशनराव होय? ते पेरणीयंत्रं दुरुस्त करतेत की, विहाराच्या मागं घर हाय.

अंगणात लिंबाखाली एक पेरणीयंत्र उलटं घातलं होतं आणि उस्ताद त्याच्या फणांचे नट आवळत बसले होते. केस पांढरे झाले होते. सुतळी तीच असावी, किंवा तसलीच. त्यांनी मला लगेच ओळखलं. काकूंना पाणी आणायला सांगितलं, माझी खुर्ची सावलीत सरकवली. मी खुर्चीवर बसलोच नाही. उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. लातूरचं गॅरेज, लिफ्ट, गन, पेट्रोलचं फडकं, काडी, शेपटी, वरची धूळ. आठवत नाही म्हणालो तेव्हा सगळं आठवत होतं, तेही. मला वाटतं, आयुष्यात सलग एवढं मी कधी बोललो नव्हतो.

उस्तादांनी पाना खाली ठेवला नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"बालाजीरावांनी धाडलं का तुम्हाला?"

"नाही हो. मी स्वतः आलोय."

"मागच्या साली बी एकाला धाडलं होतं त्यांनी. परत या म्हनून. असंच कायबाय सांगत हुता."

"उस्ताद, मी खरं बोलतोय."

"मनाला बरं वाटावं म्हनून बोलून राह्यले तुम्ही. चांगलं हाय. पर सायेब, ती रेघ माझी हुती. म्या बघितली ना खाली जाऊन. मला माझी रेघ कळत न्हाई का?"

"मीच काढली होती ती. तुमच्यासारखी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

"हात चुकला, ते म्या मानलं. आता डोळा बी चुकला म्हनता का?"

सहा वर्षं मी समजत होतो की माझ्याजवळ त्यांची एक वस्तू आहे आणि ती परत करायची आहे. पण त्यांचा हात परत द्यायचा तर डोळा काढून घ्यावा लागत होता, आणि डोळा त्यांनी अजून सांभाळून ठेवला होता. पटवून द्यायला पुरावा काय, तर गाडी. ती भंगारात. मी खुर्चीवर बसलो. काकूंनी चहा आणला. या वेळी काम चालू असतानाच त्यांनी तो घेतला.

"बघा की," काकू मला म्हणाल्या, "येक नट आवळला की मला हाक मारतेत. भाकरी तव्यावर टाकून यावं लागतंय. मला काय कळतंय त्यातलं?"

"तू गप," उस्ताद म्हणाले. मग एका फणाचा नट आवळून पाना माझ्यापुढे धरला. "तुम्ही हैत तर बघा जरा. आवळलाय का बराबर?"

मी पाना लावला आणि जोर दिला. नट तसूभर हलला नाही. तेवढा घट्ट नट मी क्वचितच बघितला असेल.

"घट्ट आहे, उस्ताद. एकदम घट्ट."

त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं, शेडमध्ये बघायचे तसं. मग पाना माझ्या हातातून घेतला आणि घराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, सायेबांनी बघितलंय. तू बी एकदा बघून जाय."

काकू पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आल्या. नटाकडे न बघताच त्यांनी पान्यावर हात टेकवला.

"घट्ट हाय," म्हणाल्या.

तेव्हा कुठे उस्ताद पुढच्या फणाकडे सरकले.